माझ्या पोटातला आकडा

मी पंचिंग मशीन बोलतेय. त्या रविवारी दुपारी फिलिपानं कराची फाइल उघडली, तेव्हा आत पावत्या असतील, शेवटी ‘सगळं फिटलं’ असा एखादा कागद असेल, असं तिला वाटलं होतं. निघाली सतरा बंद पाकिटं. सगळी करखात्याची, तारखेवार लावलेली, आणि प्रत्येकाला माझी दोन सुबक भोकं.

मला या कोलोनच्या घरात आणलं ते तिच्या नवऱ्यानं, गेरोल्डनं, लग्नाच्या वर्षी. पत्र आलं की तो ते हातात तोलून बघायचा, न उघडताच माझ्या तोंडात द्यायचा, फाइलीला लावायचा आणि मोठं काम उरकल्यासारखा कॉफी करायला जायचा. मीही खुशीत चावायचे. फाइलीच्या पाठीवर त्यानं सुंदर अक्षरात ‘कर’ लिहिलं होतं. ते अक्षर बघून फिलिपा पाच वर्षं निर्धास्त राहिली.

फिलिपा न्यूझीलंडला शिकून परतलेली. माणसांनी वस्तू फेकू नयेत, दुरुस्त कराव्यात, हा तिचा ध्यास. घटस्फोटाला तीन आठवडे झाले होते. साठवलेल्या पाच हजार युरोंत ती दुरुस्तीचं दुकान काढणार होती. गाळ्याच्या मालकाला सोमवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा होता.

तिनं शेवटचं पाकीट फोडलं. आजवरची सगळी थकबाकी त्यात एका ओळीत होती. फक्त पहिल्या आकड्याच्या जागी भोक होतं. पुढे ४१७ युरो.

तिनं गेरोल्डला फोन लावला. “पाकिटं उघडली का नाहीस?”

“उघडलं की आकडा दिसतो गं,” तो म्हणाला. “भोक पाडलं की बरं वाटतं. आणि तारखा बघ, एक तरी चुकलीय का?”

“सही माझीही आहे, गेरोल्ड. ते माझ्याकडूनही वसूल करतील.”

“हो ना, फॉर्म एकत्रच भरायचो आपण,” तो मायेनं म्हणाला. तिनं फोन ठेवला.

तिची आई रोस्विता केक घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. “अगं, आकडा हिच्या पोटात असेल.”

माझ्या पोटात साठलेल्या कागदाच्या गोल टिकल्या गेरोल्ड दरवर्षी कार्निव्हलला रस्त्यात उधळायचा. यंदा तेव्हाच कोर्टाची तारीख आली, म्हणून मी तट्ट फुगलेली. दोघींनी मला टेबलावर उलटं केलं. चिमटा, भिंग, केक, सगळं पांढरं झालं. तासाभरानं आकड्याच्या चार टिकल्या मिळाल्या: एक, दोन, सात, नऊ.

आईनं एकेक भोकात बसवून पाहिली. चारही नेमक्या बसल्या. माझी भोकं एकसारखी पडतात याचा मला जन्मभर अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

“एक चिकटव आणि गाळा घे,” आई म्हणाली.

“आई, आकडा काय आपल्या आवडीनं निवडायचा असतो?”

“मग दोन चिकटव. प्रामाणिक दिसेल.”

फिलिपा हसली, पण तिनं केक खाल्ला नाही.

सोमवारी सकाळी आठला तिनं करखात्याला फोन केला. “माझ्या पत्रात भोक आहे. पहिला आकडा सांगता का?”

“सात,” पलीकडची बाई म्हणाली.

फिलिपानं आकडा पुरा लिहिला: ७४१७ युरो. सगळी शिल्लक गेली असती. मग तिनं विचारलं, “आम्ही वेगळे झालोय. याची वाटणी होते का?”

“होते की. ज्याच्या कमाईवर जितका कर, तितका त्याचा वाटा. अर्ज मात्र कुणीतरी करावा लागतो.”

घरातली मोठी कमाई गेरोल्डची होती. म्हणजे मोठा वाटाही त्याचाच, आणि तो त्याला पत्रानं कळणार होता. ते त्यानं उघडलं तर.

फिलिपानं ठरवलं: आधी वाटणीचा अर्ज, मग गाळ्याला होकार. अर्जाची प्रत तिनं दोनदा वाचली, तेव्हा कुठे माझ्या तोंडात दिली. मग माझ्या डोक्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘आधी उघडा.’

माझंही तुम्हाला तेवढंच सांगणं आहे. आम्ही काहीही चावतो. आम्हाला वाचता येत नाही.