छागळींचा नियम

रविवारी दुपारी साडेतीन वाजता अश्लेषाच्या फ्लॅटमध्ये चार शिकलीसवरलेली माणसं एका सोळा पानी पीडीएफवरून अशी भांडत होती, की खालच्या मजल्यावरच्या मनकर्णाबाईंना वाटलं टँकर आला. त्या बादली घेऊन जिन्यात आल्या, खाली डोकावल्या, टँकर नाही म्हटल्यावर वर बघून काहीतरी पुटपुटल्या आणि परत गेल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडं दहा वर्षांपूर्वी ज्वारी उभी असायची, आता नुसत्या इमारती उभ्या आहेत, आणि यंदाच्या उन्हाळ्यात त्या इमारतींमध्ये एवढा आरडाओरडा फक्त पाण्यावरून होतो.

खरं सांगायचं तर वरच्या मजल्यावरही तो पाण्यावरूनच चालला होता. फक्त ते पाणी खोटं होतं.

हे चौघं सात वर्षं एक खेळ खेळत होते. त्याचं इंग्रजी नाव हातभर लांब आहे. हे लोक त्याला नुसतं ‘मोहीम’ म्हणत. टेबलाभोवती बसायचं, एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कोण जगतं, कोण मरतं ते फाशांनी आणि नियमांच्या एका जाडजूड पुस्तकानं ठरवायचं. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ वेडेपणा वाटतो. आतल्यांनाही अधूनमधून वाटतो, पण सुटत नाही.

सूत्रधार रूपा. ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर सुटे भाग मापात बसतात का ते बघते आणि केसाएवढा फरक निघाला तरी माल परत धाडते. शंतनू दातांचा डॉक्टर. अश्लेषा घरी बसून कुठल्याशा अमेरिकन कंपनीचं काम करते. आणि लक्ष्मण सर गंगापूरच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतात, पन्नाशीला आलेत, दर रविवारी काळीपिवळी जीपमध्ये चेपून येतात आणि आल्या आल्या दाढीवाला बुटका लोहार होतात.

पुस्तक एकच, तेही रूपाचं. शहागंजातल्या रद्दीवाल्याकडे इंजिनिअरिंगच्या गाइडांच्या गठ्ठ्यात तिला ते सापडलं होतं. लेणी बघायला आलेला कुणी परदेशी पाहुणा हॉटेलात टाकून गेला असावा. कव्हर नव्हतं, आणि सत्त्याण्णव ते एकशे बारा ही पानं कुणीतरी मुळासकट फाडून नेलेली होती. छापणारी कंपनी तोवर बुडाली होती. त्यामुळं दुसरी प्रत मिळेना, आणि नेटवरही धड काही सापडेना. आता सात वर्षांनी नव्या मालकांनी खेळ विकत घेऊन नवी आवृत्ती काढायचं ठरवलं होतं आणि तिची सोळा पानांची झलक फुकट टाकून चाहत्यांची मतं मागवली होती. चाहते म्हटल्यावर मतांना काय तोटा!

पहिला अर्धा तास कुणाला काहीच समजलं नाही.

“बारा फासे टाकायचेत का बारा बाजूंचा एक टाकायचाय?” लक्ष्मण सर चष्मा कपाळावर सरकवून विचारत होते. “आन माझ्या हातोड्याला आता वजन हाय म्हणं. सात वर्षं काय कापसाचा व्हता का?”

“सर, पान चार. तिथं लिहिलंय बघा,” अश्लेषा म्हणाली.

“पान चार म्हणतंय पान एकोणीस बघा. एकोणीस तर दिलंच नाय की त्यांनी!”

शंतनू या गडबडीत नव्हता. तो नवव्या पानावर अडकला होता, आणि त्याचा चेहरा रुग्णाच्या तोंडातला चुकीचा दात उपटल्यासारखा झाला होता.

“हे ऐका,” तो म्हणाला. “‘वाटेत पाणी ज्याचं त्याचं. दुसऱ्याला द्यायचं असेल तर द्यावं, नसेल तर देऊ नये.’ एवढंच! आपला छागळींचा नियम कुठं गेला?”

छागळ म्हणजे प्रवासात खांद्याला अडकवायची पाण्याची पिशवी. या टेबलावरचा नियम असा, की पाणी संपत आलं की सगळ्यांनी आपापल्या छागळी एका भांड्यात ओतायच्या आणि जितकी तोंडं तितके सारखे वाटे करायचे. कुणालाही नाही म्हणता येत नाही. सात वर्षांत हा नियम कुणी मोडला नव्हता, आणि त्याच नियमापायी शंतनूचा इलॅरिअन मेला होता.

इलॅरिअन हा शंतनूचा खेळातला माणूस, लांबकान्या जमातीच्या उच्च कुळातला पुजारी. शंतनूनं त्याला तीन वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला. लक्ष्मण सर त्याला इलायची म्हणायचे, तेही तो सहन करायचा. मग मिठाच्या मैदानात पाणी संपत आलं. त्याचे चार वाटे झाले, तीन यांचे आणि चौथा पहिल्यापासून सोबत असलेल्या वाटाड्याचा, आणि इलॅरिअनचा वाटा दोन दिवसांत आटला. तिसऱ्या दिवशी फासा वाईट पडला. शंतनू महिनाभर फिरकला नाही. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, “वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.” त्याच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात, दातांच्या साच्यांशेजारी, इलॅरिअनची छोटी मूर्ती अजून उभी आहे.

आणि तो नियम पुस्तकात नव्हताच. रूपानं तो अगदी पहिल्या दिवशी बसल्या जागी रचला होता आणि फाटक्या पानांच्या नावावर खपवला होता. हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आज शंतनूला ते कळलं असतं, तर आपला माणूस रूपाच्या थापेमुळं मेला हेही कळलं असतं. खेळातला का होईना, माणूसच. शंतनू तिचा सगळ्यात जवळचा मित्र होता, आणि हे टेबल म्हणजे तिच्या आठवड्यातले चार सुखाचे तास. दोन्ही एकदम गेली असती.

“नवी आवृत्ती आहे,” ती म्हणाली. “बदलतात नियम.”

“सगळे बदला ना! हा का बदलायचा? अख्ख्या पुस्तकात शहाणपणाचा एवढा एकच नियम होता. अश्लेषा, लिही. निषेध लिही. ‘जुन्या पुस्तकातला सामाईक पाण्याचा नियम परत घाला.’ पान कुठलं होतं गं, रूपा?”

“एकशे… एकशे एक वगैरे असेल.”

“एकशे एकच. मला आठवतंय ना. डाव्या हाताला, खाली, चौकटीत होता.”

रूपानं त्याच्याकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

“चित्रपण होतं,” अश्लेषा टाइप करता करता म्हणाली. “एक म्हातारा भांडं धरून उभा आहे, बाकीचे ओततायत.”

“व्हय, व्हय! म्हाताऱ्याच्या डोक्याला फडकं व्हतं,” लक्ष्मण सर म्हणाले.

आता मात्र रूपाची मती गुंग झाली. ती पानं पुस्तक टेबलावर यायच्या आधीच फाटलेली होती. ती कुणी पाहिली नव्हती, तिनंही नाही. पण तिघं एवढ्या खात्रीनं सांगायला लागल्यावर तिलाही तो म्हातारा दिसायला लागला. आणि त्या पानांत काय होतं हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? आपण रचलेला नियम नेमका तिथं छापलेला असेल तर? मग आपण खोटं बोललो की खरं? हे गणित तिला सुटेना, आणि सुटू नये असंही थोडं वाटत होतं.

अश्लेषानं निषेध खेळाच्या नेटवरच्या पानावर टाकला. या खेळाचे जगभरात मिळून तीन-चारशे चाहते असतील, पण त्यातल्या एकाला तरी त्या दुपारी उद्योग नव्हता. वीस मिनिटांत फिनलंडच्या कुणा गृहस्थाचं उत्तर आलं. असा नियम कुठल्याच आवृत्तीत नव्हता, तुम्ही कुठलं पुस्तक वाचता, असं त्यानं विचारलं होतं, आणि जोडीला जुन्या पुस्तकातल्या प्रवासाच्या अख्ख्या प्रकरणाचे, सोळा पानांचे फोटो पाठवले होते. सत्त्याण्णव ते एकशे बारा.

चौघं लॅपटॉपवर वाकली. एकशे एक. डाव्या हाताला, खाली, चौकटही होती. चौकटीत उंटांच्या किमती होत्या. आणि वर, नव्या झलकेत होतं तेच वाक्य जसंच्या तसं: पाणी ज्याचं त्याचं.

“छे!” शंतनू म्हणाला. “हे वेगळं पुस्तक आहे.”

“छपाई वेगळी असेल,” अश्लेषा म्हणाली. “पहिल्या छपाईत असेल, मग काढला असेल.”

“आपली इंडियन एडिशन असंल,” लक्ष्मण सरांनी निकाल दिला. “इकडं पाणी कमी, म्हणून इकडच्या पुस्तकात घातला असंल.”

“बरोबर! सर, बरोबर. इंडियन एडिशन.” शंतनूला एकदम हुरूप आला. “लिही, अश्लेषा. आमच्याकडं इंडियन एडिशन आहे.”

म्हणजे सुटका समोर चालून आली होती. रूपानं नुसतं गप्प बसायचं होतं. ती बसलीही, चांगली मिनिटभर. पण शंतनू त्या फिनलंडवाल्याला खोटा पाडायला इतका सरसावला होता, आणि तो बिचारा इतका खरा होता, की दिवसभर मापं तपासणाऱ्या बाईला ते बघवेना.

“इंडियन एडिशन वगैरे काही नाही,” ती म्हणाली. “तो नियम माझा आहे. मी रचला होता.”

लक्ष्मण सर हसले. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले.

“मी वाचलाय तो,” शंतनू म्हणाला.

“नाही वाचलास. मी सांगितलेला ऐकलास.”

“मग इलॅरिअन…”

“जगला असता. त्याच्या छागळीत सहा दिवसांचं पाणी होतं.”

शंतनू खुर्चीत मागं टेकला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो वाट चुकल्यासारखा दिसत होता. “पण का? एवढे नियम होते पुस्तकात. हा कशाला रचलास?”

हे सांगायचं तिच्या मनात कधीच नव्हतं. पण अर्धं सांगून थांबता येईना.

“पहिल्या दिवशी वाटाड्याच्या तोंडचं मीच बोलत होते. नाव सुचेना म्हणून आजोबांचं दिलं, कडुबा. माझे आजोबा सोयगावकडचे. गावच्या विहिरीला ते हात लावू शकत नव्हते. कुणीतरी वरून ओतेल म्हणून भांडं घेऊन लांब उभे राहायचे. ते मला हे हसत हसत सांगायचे. मीही त्यांच्याच आवाजात बोलत होते. कडुबा म्हणाला, ‘मालक, घोटभर पाणी द्या.’ तू म्हणालास, ‘तुझी छागळ लांब धर. माझ्या पाण्याला लागू देऊ नकोस.’”

“मी?”

“इलॅरिअन. उच्च कुळातला पुजारी, शोभलंही त्याला. सगळे हसले, मीही हसले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘असं चालत नाही. नियम आहे.’ मला राग आला होता का, ते मला तेव्हाही कळलं नाही. आत्ताही नक्की सांगता येत नाही.”

“मी असं कधी म्हणालोच नाही.” शंतनूनं बाकीच्या दोघांकडं पाहिलं. अश्लेषानं मान खाली घातली. तिला खरंच आठवत नव्हतं.

लक्ष्मण सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणला व्हता, डॉक्टर,” ते म्हणाले. “मीच लई हसलो व्हतो तवा. ते लक्षात हाय माझ्या.”

कधी न पाहिलेलं पान शंतनूला चौकटीसकट आठवत होतं, आणि स्वतः बोललेल्या वाक्यातला एक शब्द आठवत नव्हता. ते त्याचं त्यालाच कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. रूपाला त्याची दया आली, आणि आपल्याला दया का यावी याचा रागही आला. कुणाची माफी कुणी मागायची, हेच त्या खोलीत कुणाला उमगत नव्हतं.

“मला कशाचा राग यायला हवा तेच समजत नाहीये,” तो शेवटी म्हणाला. “तू माझा माणूस मारलास याचा, की… मिठाच्या मैदानात हा नियम नसता तर कडुबाचं काय झालं असतं?”

“पहिल्याच दिवशी गेला असता. त्याच्याकडं थेंब नव्हता.”

“मी दिलं असतं का गं, आपण होऊन?”

हो म्हणायला रूपाला काय लागत होतं? मित्र होता, समोर बसला होता, विचारत होता. “माहीत नाही, शंतनू,” ती म्हणाली.

लॅपटॉप टुंगटुंग वाजत होता. अश्लेषानं बघून कपाळाला हात लावला. “तेरा जण हसतायत आपल्याला. हा निषेध काढून टाकते मी.”

“काढू नकोस,” शंतनू म्हणाला. “जुन्या पुस्तकात होता, एवढंच वाक्य काढ. नियम घाला, हे राहू दे.”

“पण का घाला? आता कारण विचारतील ते. काय लिहू?”

शंतनूनं टेबलावरचा एक फासा उचलला, उगीच बोटांत फिरवला आणि होता तिथं परत ठेवला.

“लिही, नियम नसला तर मी पाणी देईनच, असा मला माझा भरवसा नाही.”

अश्लेषाची बोटं थबकली. तिनं एकदा रूपाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. “‘मी’ असंच लिहू? सगळ्यांच्या वतीनं चाललंय आपलं.”

“मी असंच लिही. आणि खाली माझं नाव टाक,” शंतनू म्हणाला. “आडनावासकट.”