तीन मटके, एक मालकीण

जामच्या चौफुलीवर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिघी बायका लंबी रोटी करतात. सैल कणीक हातावर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर टाकायची. धुरपता, गंगा, अन्नपूर्णा. तीन चुली, तीन मटके. पहिलं गिऱ्हाईक धुरपताचं, दुसरं गंगाचं, तिसरं अन्नपूर्णाचं. पाळी कोणी तोडत नाही. वरून हुकूम सोडणारा कोणी नाही.

हेच रोजगार योजनेच्या अभिराम साहेबांना खुपलं. जीपमधून उतरले ते फाईल उघडूनच.

"सोमवारी ही कड मोकळी होणार. तुम्हाला पलीकडच्या शेडमध्ये गाळा मिळेल, पण एका उद्योगाला एकच. मालक एक, कामगार किमान दोन."

तिघींत थोरली धुरपता, म्हणून कागद तिच्यापुढे आला.

"उद्योग कशासाठी सुरू केला?"

धुरपताचा हात थांबला. अकरा वर्षांपूर्वी ती एका ढाब्यावर रोटी टाकायची. एक रोटी करपली, तर शेठने ती भरल्या गिऱ्हाइकांत तिच्या तोंडावर फेकली. दुसऱ्या दिवशी तिने कुंभाराकडून मटका आणला.

"कोनाच्या हाताखाली राह्याचं नाई म्हनून."

"तसा रकाना नाही, बाई. 'व्यवसायवाढ' लिहितो. कामगारांची नावं सांगा."

"ह्या माह्या कामगार नाईत."

"अहो, फक्त कागदावर!"

"आज कागदावर, साहेब. उद्या तोंडावर."

साहेबांनी फाईल मिटली. "ठीक. तो पुढचा भजेवाला हा गाळा घ्यायला तयार आहे. मी निघतो."

गाळा हातचा चालला. अन्नपूर्णा कणकेत हात घालून तशीच बसली. गंगा मात्र ताडकन उठली.

"धुरपताबाई, तुह्या मानानं माह्या पोरीचं पोट भरते का वं? काऊन साऱ्याइले बुडवून राह्यली?" तिने साहेबांची वाट अडवली. "लिवा साहेब. मालकीन गंगा. कामगार अन्नपूर्णा."

अन्नपूर्णाने होकाराची मान हलवली. मान वर केली नाही.

"दुसरी?"

मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. आता धुरपताच्या एका 'नाई'ने दोघींच्या चुली विझणार होत्या. तिला गंगाचा राग आला, साहेबाचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या रकान्याचा आला. माणसाला ताठ उभं राहायचं असतं, एवढं साधं कारण ज्यांच्या कागदात मावत नाही, ते निघालेत देश वाढवायला! सकाळी या कडेला तीन मालकिणी होत्या. त्यातल्या दोघी खोडायच्या आणि त्याला रोजगार म्हणायचं!

"बाई, लवकर बोला."

"लिवा," धुरपता म्हणाली. "धुरपता."

साहेब खूश झाले. तिघींना मटक्यांमागे उभं करून त्यांनी फोटो काढला, कार्यालयात फोन लावला. "हो सर, एक उद्योग, दोन नवे रोजगार. महिला आहेत, सर."

जीप गेली तशी गंगा जवळ आली. तिचा आवाज उतरला होता. "बाई, नुसतं कागदावर हाये वं. तुले का मी हुकूम करनार हाव?"

धुरपताने हाताची कणीक खरवडून काढली, हात धुतले, पदराला पुसले. मग गंगाच्या डोळ्याला डोळा देऊन विचारलं,

"सोमवारी कामावर किती वाजता येऊ?"