निरोपाला माणूस

माझी नात चिन्मयी हिचं लग्न झालं ते साल २०२३. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडून होते. त्यांच्यावर पाय ठेवून शेजारच्या पुंजारामचा नातू स्वानंद मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि आजोबाला विचारत होता, "आजोबा, सिपोऱ्याच्या घरी आधी कुणाला सांगायचं?"

"धाकट्या सुनंला," पुंजाराम म्हणाला. "थोरली तिथंच बोंबलती. धाकटी गप राहती, म्हातारीला आधी जेवू घालती आन् मंग सांगती."

"हे असंच लिहू?"

"लिही की. खरंच हाय ते."

आमच्या केदारखेड्यात कोणी वारलं की पाहुण्यांच्या गावी निरोप घेऊन पुंजाराम जायचा. आधी पायी, मग सायकलवर, मग एसटीने, जीपने. दारात गेल्यावर तो अंगणाच्या कडेला उभा राहायचा. पायातली चप्पल काढायची नाही, पाणी घ्यायचं नाही, गेलेल्याचं नाव सांगायचं आणि "चला" म्हणायचं. एवढंच काम. त्याचं कोणी काही देत नव्हतं आणि तो मागतही नव्हता. उलट त्या कामापायी तो सहज म्हणून कुणाच्या घरी जाऊ शकत नव्हता. सणावाराला हा दिसला तरी बायांच्या हातातलं भांडं खाली पडायचं. त्याची लेक दैवशाला हिच्या सासरच्यांनी तर एकदा तोंडावर सांगितलं होतं, "व्याही, यायच्या आधी फोन करत जा. जीव धसकतो आमचा." त्यानंतर तो लेकीकडे गेलाच नाही. लेक यायची.

आता त्याचे गुडघे गेले होते आणि निरोप फोनवर जाऊ लागले होते. स्वानंद पुण्याला कंपनीत होता, पण त्या उन्हाळ्यात गावाकडून काम करत होता. त्याच्या डोक्यात आलं की आजोबाच्या पोटात आहे ते सगळं टिपून ठेवावं. विचार वाईट नव्हता, हे मी कबूल करतो. त्याच्या लॅपटॉपवर एक टिपणांची फाईल होती. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. चित्र नाही, चौकट नाही. अक्षर मला चाळिशीनंतर आलं, त्यामुळे मोठं आणि मोकळं लिहिलेलं दिसलं की बरं वाटतं. मी वाचू शकत होतो. गावाच्या नावाआधी एक फुली, घराच्या नावाआधी दोन, आणि त्याखाली पुंजाराम बोलेल तसं.

"नाना, हा साधा मजकूर आहे," स्वानंद मला सांगायचा. "कुठल्याही मशीनवर उघडतो. आणि गंमत म्हणजे याला मी हवं ते जोडू शकतो."

तिथेच वाट लागली. तो जोडत सुटला. आधी गावांना रंग दिले. मग एक बटण दाबलं की घरं मिटायची, पुन्हा दाबलं की उघडायची. मग अंतराप्रमाणे गावं लावली. मग प्रत्येक घराखाली ठरावीक ओळी केल्या : फोन, नातं, जाणारा, म्हणजे निरोप घेऊन जाणारा. पुंजाराम बोलला होता ते या ओळींत बसेना, तेव्हा ते खाली 'इतर' म्हणून ढकललं आणि मिटवून टाकलं. सिपोऱ्याची धाकटी सून त्या 'इतर'मध्ये गेली. दिवसभर हा पोरगा फुलीचा आकार बदलत बसायचा. गोठ्यात म्हैस अडली, आजी हाका मारून थकली, तरी याचं "एक मिनिट, आजी." शेवटी मी आणि पुंजारामने रेडकू ओढून काढलं. हात धुऊन आलो तर हा म्हणतो, "नाना, बघा, आता मेलेल्याचं नाव टाकलं की पाहुण्यांची यादी आपोआप येते. एक बटण दाबलं की सगळ्यांना मेसेज."

"आन् कोणी मेलंच न्हाई तर?" मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे हे तपासायला मरू का मी?"

तो हसला. पुंजाराम हसला नाही. तो पडद्याकडे बघत राहिला. त्याची सगळी गावं तिथे रंगीत होऊन उभी होती.

ऐन वैशाखात सोनूबाई गेली. पुंजारामची बायको. सकाळी चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. जन्म म्हसरांत गेलेली बाई, कधी डॉक्टरचं तोंड न बघितलेली. पुंजारामच्या आधी गेली, सवाष्ण गेली. अशा बाईला माहेरचं हिरवं लुगडं लागतं. ते भावाने घेऊन यायचं, ते नेसवायचं आणि मगच उचलायचं. तिचा भाऊ रामराव जाफराबादच्या अलीकडे वस्तीवर राहतो.

जालन्याहून मुलगा केशव आला, तोपर्यंत स्वानंदने बटण दाबलेलं होतं. निरोप क्षणात सगळीकडे गेला. सोबत फोटोही. तो कुठल्याशा लग्नातून कापलेला. सोनूबाईच्या खांद्यावर कुणाचातरी बांगड्यांचा हात तसाच राहिला होता, नुसता हात. मग फोनवर उत्तरं येऊ लागली. जोडलेले हात, गुलाबाचं फूल, जळणारी पणती. एका भाच्याने श्रद्धांजलीखाली आपल्या खतांच्या दुकानाचं नाव टाकलं होतं. बाहेर अंगणातल्या सावलीत पाहुणे बसले होते आणि आत मेलेल्या बाईसाठी बाहेर बसूनच फुलं पाठवत होते.

दुपार कलली. बर्फाच्या लादीचं पाणी ओसरीवरून अंगणात आलं. रामराव आला नव्हता.

"मेसेज पोचलाय," स्वानंद म्हणाला. "वाचलाय पण. हे बघा खूण."

केशवने फोन लावला आणि आवाज मोठा केला. रामरावचा मुलगा पप्पू बोलला. "केशवदादा, आमी केव्हाचे तयार होऊन बसलोय. लुगडं बाबांच्या मांडीवर हाय. जीप दारात उभी हाय."

"मग निघा ना! वाट कसली बघताय?"

"माणूस येऊ द्या की."

"कसला माणूस? मेसेज बघितला ना तू?"

"बघितला. पर बाबा म्हणून राह्यले, बहिणीच्या मौतीला सासरचा माणूस दारात आला न्हाई, तर मी काय बोलावल्याबिगर जेवायला जाऊ?"

केशवने फोन आपटला. "दोन हजार तेवीस साल आहे! आई तिथं..." त्याने ओसरीकडे हात केला. मग म्हणाला, "लुगडंच पाहिजे ना? भोकरदनला दुकानं उघडी आहेत. जा रे कोणीतरी, जल्दी आणा." चार पाहुणे लगेच "बराबर, बराबर" म्हणाले. त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. आणि तिकडे तो रामराव, बहीण बर्फावर पडली असताना मांडीवर लुगडं घेऊन मान मागत बसलेला. मला कोण जास्त नकोसं झालं, ते मी अजूनही सांगू शकत नाही.

पुंजाराम सकाळपासून भिंतीला टेकून होता. तो स्वानंदला म्हणाला, "तुझ्या यंत्रात बघ. रामरावकडं कोणी जायचं लिवलंय?"

"आजोबा, ते राहू द्या."

"बघ म्हणलं ना."

स्वानंदने घर उघडलं. "जाणारा, पुंजाराम." तो हळू बोलला. "सगळ्याच घरांना तेच आहे. तुम्हीच सांगितलं होतं. मी सकाळीच बघितलं, पण तुम्ही कसे... म्हणून मी नुसता मेसेज..."

"मंग बराबर हाय," पुंजाराम म्हणाला आणि भिंतीला धरून उठला.

बाया ओरडल्या. दैवशाला त्याच्या पायाशी पडली. "बाबा, सुतकातला माणूस, आईला टाकून कुठं निघाले? लोक काय म्हणतील!"

"लोक फोनवर हायेत," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर जीपमध्ये बसलो. वस्तीवर रामराव बाजेवर बसलेला होता. जीपचा आवाज ऐकूनही त्याने वर बघितलं नाही. पुंजाराम उतरला, गुडघ्यावर हात दाबत अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. पायात चप्पल तशीच. पप्पूच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला, त्याने हातानेच नको म्हटलं.

"केदारखेड्याहून आलो," तो म्हणाला. "सोनूबाई गेली. चला."

हाच आवाज मी आयुष्यभर ऐकला होता. ना वर ना खाली.

रामरावने मान वर केली आणि त्याचा चेहरा काळवंडला. "दाजी? तुमी आले? तुमच्या घरातली बाकीची माणसं मेली का काय?"

"माझं सांगून झालं," पुंजाराम म्हणाला. "चला."

रामराव लुगडं घेऊन उठला. पप्पूने आपली जीप काढली. पण तो आमच्या जीपमध्ये पुंजारामच्या शेजारी बसला आणि सगळ्या वाटेने लुगड्याची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिला.

आम्ही घरी आलो, तर अंगणात फक्त बाया होत्या. केशवने थांबायचं नाकारलं होतं. नदीवर गेलो. सोनूबाईला सरणावर ठेवलेलं होतं, अग्नी तेवढा द्यायचा राहिला होता. अंगावर भोकरदनहून आणलेलं लुगडं होतं. काठाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. कुणी बघितली नव्हती, किंवा बघून सोडली होती.

"मामा, ऊन किती होतं..." केशव बोलू लागला.

रामरावने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने घडी उलगडली आणि आपलं लुगडं वरून पांघरलं, पायांपासून गळ्यापर्यंत, लहान पोरीला पांघरावं तसं. मग मागे वळला. आंघोळीला थांबला नाही, मौतीच्या घरच्या कडू घासाला थांबला नाही. पप्पूची जीप गेल्याचा आवाज आला.

पुंजाराम वाकला. हिरव्या लुगड्याखालून त्या दुसऱ्या लुगड्याचा काठ बाहेर आला होता. त्यावरची चिठ्ठी तो नखाने खरवडू लागला. ती निघेना. अर्धी फाटली, अर्धी राहिली. केशव हातात पेटतं लाकूड घेऊन उभा होता, पाहुणे घड्याळं बघत होते, आणि तो खरवडत होता. ती सगळी निघेपर्यंत तो उठला नाही. मग बाजूला झाला.

स्वानंद पुण्याला जायच्या आधी माझ्याकडे आला होता. म्हणाला, "नाना, 'जाणारा'मध्ये आता कुणाचं नाव टाकू?" मी म्हणालो, "रिकामं ठेव." तो म्हणाला, रिकामं ठेवलं तर चालत नाही, चूक दाखवतं. मी आत निघून गेलो.

पुंजाराम आसाराम मिसाळ त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत आहे. मला पलीकडचं रडणं ऐकू यायच्या आधी फोनवर मेसेज वाजला.