घरचं लेबल

धर्मराजशेठच्या उल्हासनगरातल्या जीन्सच्या कारखान्यात सकाळी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सोनियाने बिलाचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि बिलं निघेनाशी झाली. तिने सेटिंगची फाइल पाहिली. जागा बरोबर, परवानगी बरोबर, तरी सर्व्हर त्या फाइलीला हात लावायला तयार नव्हता.

"सर्व्हरची ती सिक्युरिटीच बंद करून टाक ना," शेठ करवादले.

"थांबा शेठ, अडतंय कुठे ते तर बघू."

मग तिला फाइलीचं लेबल दिसलं; कुठली फाइल आत घ्यायची हे सिक्युरिटी त्यावरूनच ठरवत होती. अपग्रेडने स्वतःच्या सगळ्या फाइलींना योग्य लेबलं लावली होती. ही एक मात्र सोनियाने आधी सर्व्हरवरच्या आपल्या 'होम', म्हणजे घरच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली होती आणि नंतर तशीच उचलून परत आणली होती. कॉपी केली असती तर नव्या जागेचं लेबल आपोआप लागलं असतं. उचलून आणली, म्हणून घरचंच चिकटून राहिलं.

"माल चोख आहे शेठ. लेबल भलतंच आहे, म्हणून आत घेत नाही."

तिने एक कमांड दिली, लेबल बदललं आणि बिल सरसर बाहेर आलं.

शेठ मात्र शिलाईच्या टेबलावरच्या विलायती नावांच्या लेबलांच्या गठ्ठ्याकडे बघत होते.

"आपलं गिऱ्हाईक एवढं चौकस नाही," ते हळूच म्हणाले, "ते एक बरंय."