गंगम्मा सिस्टरचं वीस-ऐंशी

नव्या पोरीला काम शिकवायचं म्हणजे आधी तिला तिची पायरी दाखवायची, हे गंगम्मा सिस्टरनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. बावीस वर्षं हे आरोग्य उपकेंद्र तिनं एकटीनं ओढलं होतं. नळदुर्गपासून आत अकरा किलोमीटर, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव. माणसं मराठीत भांडतात आणि कानडीत रडतात. कुणाच्या घरी पाळणा हलणार, हे सासूच्या आधी गंगम्माला कळायचं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि आता सरकारनं तिच्या डोक्यावर आणून बसवली कोण, तर भूमची शिवप्रिया. वय सव्वीस, आयुर्वेदाची पदवी, वर सहा महिन्यांचा कोर्स, आणि हुद्दा समुदाय आरोग्य अधिकारी!

"तीन महिने हाताखाली घ्या तिला, सिस्टर," प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर राजशेखर म्हणाले होते. "पुस्तक तिला येतं, माणसं तुम्हाला येतात."

गंगम्मानं तिला चांगलंच हाताखाली घेतलं. भर उन्हात लांबच्या वस्तीवर चालवत नेलं. दारोदार ओळख करून दिली ती कानडीत, आणि सांगितलं काय, तर ही डॉक्टर नाही, डॉक्टरसारखी आहे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भूमकडच्या पोरीला कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हसू कुठल्याही भाषेत कळतंच. औषधांच्या कपाटाची किल्ली गंगम्माच्या कमरेलाच राहिली. 'मॅडम' म्हणायला तिची जीभ वळेना, 'ए पोरी'वरच भागायचं.

शिकवलं तिनं एकच, रजिस्टर कसं भरायचं ते. तिशीपुढच्या माणसांचं ब्लडप्रेशर मोजून लिहायचं, आकडे वर पाठवायचे, असा वरचा हुकूम होता.

"तीन गावं, चार हजार माणसं, आन् मशीन तीन साल बंद," गंगम्मा म्हणाली. "मोजत बसलं तर जन्म जाईल. माणूस चालताना बघायचा. चालता-बोलता असला की एकशे वीस-ऐंशी लिवायचं. वरचे बी खूश, खालचे बी खूश."

"आता नवं मशीन आलंय की," शिवप्रिया म्हणाली. "मी मोजूनच लिहिणार."

"मग बस मोजत."

ती खरंच बसली. हट्टी होती कार्टी. पंधरा दिवसांत तिला वाढलेल्या प्रेशरची नऊ माणसं सापडली, आणि नऊही जणांच्या घरी गंगम्मा तिच्या मागून जाऊन आली. "मशीन नवं हाय, पोरगी बी नवी हाय. तुमाला काय बी झालं न्हाय." सात जणांनी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. बावीस वर्षांचा शब्द पंधरा दिवसांच्या पोरीपुढं मोडायचा नव्हता, आणि एकदा मोडला तर घराघरातून लोक जुनं रजिस्टर मागतील, हे गंगम्माला पक्कं ठाऊक होतं.

"त्यांच्यातलं कुणी पडलं तर जबाबदार कोण, सिस्टर?" शिवप्रियानं एकदा दारातच अडवून विचारलं.

"तू. तुझीच सही हाय न्हवं खाली?"

त्यानंतर दोघी कामापुरतंच बोलत, तेही एकमेकींकडं न बघता.

एका गुरुवारी व्हरांडा माणसांनी भरलेला असताना गुरुलिंगअप्पा आले. हे गंगम्माचे यजमान, वेशीजवळ पिठाची गिरणी चालवायचे. अंगभर पीठ, नाकाला धरलेला टॉवेल लालभडक. सकाळपासून घोळणा फुटला होता आणि थांबायचं नाव नव्हतं. शिवप्रियानं त्यांना बसवलं, दंडाला पट्टा बांधला. एकशे शहाण्णव, एकशे अठरा.

"पट्टा ढिला बांधलास," गंगम्मा गरजली. तिनं स्वतः दुसऱ्या दंडाला आवळून बांधला. एकशे अठ्ठ्याण्णव आलं. चार माणसांसमोर तिनं तोंडावर काही दिसू दिलं नाही.

शिवप्रियानं मोबाइलवर जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांना गाठलं. पडद्यावरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, याआधी प्रेशर किती होतं?

शिवप्रियानं जुनं रजिस्टर ओढलं आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं वाचायला लागली. "मागच्या महिन्यात एकशे वीस-ऐंशी. त्याच्या आधीच्या महिन्यात एकशे वीस-ऐंशी. त्याच्याही आधी तेच. तीन वर्षं तेच आहे, सर." वाचताना तिची नजर गंगम्मावर होती. तिला सगळं माहीत होतं, आणि आज ती गंगम्माला सोडणार नव्हती.

"महिन्याभरात एवढं चढलं?" डॉक्टर म्हणाले. "हे बघा, जुनं दुखणं असेल तर हळूहळू उतरवायचं. एकदम उतरवलं तर झटका येईल. नवं असेल तर मात्र वेळ घालवून चालणार नाही. नीट सांगा, हा आकडा पक्का आहे ना?"

 पक्का म्हटलं असतं तर गंगम्माचा शब्द राहिला असता, पण औषध उलटं गेलं असतं.

"सांग की," गुरुलिंगअप्पा टॉवेलाआडून म्हणाले. "तूच लिवलंयस न्हवं?"

मेलं ते नाक आणि मेला तो विश्वास! गंगम्माला नवऱ्याचा राग आला, पोरीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"मोजलंच न्हाय," ती म्हणाली. "घरचंच माणूस. एकदा बी न्हाय मोजलं."

"आणि बाकीच्यांचं?" शिवप्रियानं विचारलं. खरं तर डॉक्टरांना त्याची गरज नव्हती.

"कुणाचंच न्हाय."

डॉक्टरांनी हळू उतरवणारी गोळी सांगितली, अँब्युलन्स पाठवतो म्हणाले. गुरुलिंगअप्पांना आतल्या खाटेवर नेऊन बसवलं. गंगम्मा पाणी घेऊन गेली तर त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि पेला शिवप्रियाच्या हातून घेतला.

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यातली माणसं टेबलापुढं रांगेत उभी होती.  गोळ्या फेकलेल्यांतले दोघेजणही त्यात होते.

"गाडी येईस्तोवर यांचं उरकू," शिवप्रिया कोरडेपणानं म्हणाली. "मी मोजते, तुम्ही लिहा, सिस्टर."

गंगम्मा खाली मान घालून बसली, पेन उघडलं. रांगेत पुढं भुवनेश्वरीअव्वा होती. हिच्या सुनेची तिन्ही बाळंतपणं गंगम्मानंच केली होती, आणि मागल्या साली हिचा कर्ता लेक वीरभद्र शेतात उभ्या उभ्या कोसळून गेला, तेव्हा हिच्या गळ्यात पडून रडणारीही गंगम्माच होती.

अव्वानं दंड पुढं केला, पण पट्टा बांधू दिला नाही.

"आमच्या वीरभद्राचं बी असंच लिवलं व्हतंस, सिस्टर?"

गंगम्माला ते पान आठवत होतं. शेवटची नोंद त्याच्या मरणाच्या आठ दिवस आधीची होती.

"व्हय, अव्वा."

 म्हातारी ना रडली, ना तिनं शिवी दिली. मग शिवप्रियाकडं वळून म्हणाली, "हिला लिवाया देऊ नगंस."

शिवप्रियानं हात पुढं केला आणि गंगम्माच्या बोटांतून पेन काढून घेतलं.