मेडिकल कार्ड घेता का?

मी मेडिकल कार्ड बोलतेय, परवापर्यंत व्हर्लीन टॅकेटच्या पर्समधल्या तिसऱ्या कप्प्यात राहणारी. कार्ड म्हणजे खरं तर 'ते', पण अकरा महिने बाईच्या पर्समध्ये काढल्यावर माझ्या तोंडी 'बोलतंय' येत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते. माझ्या अंगभर अक्षरं आहेत, पण मला वाचता येत नाही. माझ्यावर काय लिहिलंय, ते कुणी मोठ्यानं वाचलं तेव्हा मला कळलं. मात्र एकदा ऐकलेलं मी विसरत नाही.

माझा जन्म यंत्राखाली झाला, डोळ्याचं पातं लवतंय तोवर. डिंकाच्या ठिपक्यानं मला कागदाला चिकटवलं, लिफाफ्यात घातलं आणि अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत, ओढ्याकाठच्या एका टपालपेटीत आणून टाकलं. व्हर्लीननं मला कागदावरून अलगद सोलून काढलं, पदराला पुसावं तसं सदऱ्याला पुसलं आणि ओरडली, "आई, आलं गं माझं मेडिकल कार्ड! आता दुखलंखुपलं तर काळजी नाही."

खाटेवरून तिची आई आयसी म्हणाली, "दुखण्याला म्हणावं थांब जरा. कार्ड आलंय, डॉक्टर यायचाय."

चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी. पाय गेले, जीभ आहे. तिला एकटीला टाकता येईना म्हणून व्हर्लीननं शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली, आणि कमाई नाही म्हणून सरकारनं मला धाडलं. कागदोपत्री माझं नाव मेडिकेड. पण आमच्या खोऱ्यात ते नाव कुणी घेत नाही. इथं मला सगळे मेडिकल कार्ड म्हणतात, डॉक्टरही, पाद्रीबाबाही. हे नाव नीट लक्षात ठेवा, पुढं त्यानंच घात केला.

पर्समधले शेजारी बरे होते. गाडी चालवायचा परवाना जरा तोऱ्यात असतो. बर्गरच्या दुकानाचं एक कार्ड आहे, नऊ भोकं पाडलेलं, दहावा बर्गर फुकट या आशेवर जगणारं. आणि माझ्या पाठीला पाठ लावून आयसीचं कार्ड, मेडिकेअर. पासष्टी उलटली की मिळतं ते, लाल-निळ्या पट्ट्यांचं. ते सारखं बाहेर जायचं, लोक त्याला हसून घ्यायचे, हसून परत द्यायचे. मी आपली आत बसलेली.

सप्टेंबरच्या शेवटाला, आईला न्हाणीतून उचलताना व्हर्लीनच्या कमरेत कट्‌कन आवाज झाला. मी बाहेर खुंटीवरच्या पर्समध्ये होते, मला ऐकू आला. तिनं आईला खाली पडू दिलं नाही, एवढं खरं. पण त्यानंतर ती वाकली की सरळ व्हायला भिंत धरायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. व्हर्लीननं चिठ्ठी घडी करून माझ्यावर ठेवली आणि औषधाच्या दुकानावरून गाडी पुढं काढली. तिचा धाकटा भाऊ डेन्व्हर असाच पाठदुखीच्या गोळ्यांच्या नादी लागला आणि त्यांच्यातच संपला. आमच्या खोऱ्यात असं एक तरी माणूस नसलेलं घर नाही. "गोळी मी घेणार नाही," ती शेजारणीला, ड्रीमाला म्हणाली. "मणके बसवणारा डॉक्टर पाहिजे. आपल्या इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझी मान तीन फेऱ्यांत बसवली होती, आठवतं?"

"आठवतं. आता ते फ्लोरिडात मासे धरत बसलेत."

तेवढ्यात काउंटीची, म्हणजे जिल्हा कचेरीची बाई, मिस प्रेटर, येऊन गेली. बोलायला गोड, पण डोळे सगळीकडे. म्हणाली, "व्हर्लीन, आईला उचलणं तुला झेपत नसेल तर त्यांना डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात हलवावं लागेल. मी नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला परत येते. तेव्हा माझ्यासमोर एकदा खाटेवरून खुर्चीत बसवून दाखव."

ती गेल्यावर आयसीनं पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "तिथल्या मक्याच्या पावात साखर घालतात." आमच्या खोऱ्यात तो पाव बिनसाखरेचाच खातात. ती बस, एवढंच म्हणाली. पण व्हर्लीननं तोंड फिरवलं.

त्या दिवशी मी कामाला लागले. माझ्या पाठीवर एक फोन नंबर आहे, तो व्हर्लीननं लावला. आधी पाऊण तास वाजंत्री ऐकली. मग पलीकडची मुलगी म्हणाली, हो, कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके बसवणारा, चालतो, माझ्यावर चालतो, आणि तुमच्या भागातली ही चार नावं. मी इतकी खूश झाले! चार दारं, आणि किल्ली मी.

पहिलं दार. "डॉक्टर आहेत का?"

"डॉक्टर गेले."

"परत कधी येतील?"

"बाई, वारले ते. दोन वर्षं झाली. मी त्यांची सून."

दुसरा नंबर लावला तर मागून भुंकणं. तिथं आता कुत्र्यांचे केस कापतात. ड्रीमा शेजारी बसून शेंगा सोलत होती, ती हसून लोळायची बाकी. "विचार की, कुत्र्याची पाठ बसवतात का! चार पायांवर चालायची तयारी आहे म्हणावं."

तिसरीकडची बाई म्हणाली, "घेतो, पण नवे पेशंट घेत नाही."

"मग घेता म्हणजे काय करता?" व्हर्लीननं विचारलं. पलीकडं फोन ठेवला गेला.

चौथा नंबर दोन डोंगर पलीकडच्या शहरातल्या डॉक्टर व्हॅनहूजचा. आवाज तरुण मुलीचा, बोलणं बाहेरगावचं. व्हर्लीन म्हणाली, "मेडिकल कार्ड घेता का?"

"घेतो की! सगळ्यांचीच घेतो. मंगळवारी या."

व्हर्लीननं फोन ठेवला आणि मला पर्समधून काढून माझा मुका घेतला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणासाठीच मी जन्मले असं मला वाटलं.

मंगळवारी आईपाशी पाद्रीबाबांची बायको बसली आणि ड्रीमाच्या ट्रकमधून आम्ही निघालो. प्रत्येक वळणाला व्हर्लीन दात आवळायची. "चर्चमध्ये तुझ्या पाठीसाठी प्रार्थना ठेवलीय," ड्रीमा म्हणाली. "देवाचं बरं असतं. तो विमा कुठला, ते विचारत नाही."

डॉक्टर व्हॅनहूजच्या दवाखान्यातल्या खिडकीच्या फटीतून व्हर्लीननं मला आत सरकवलं. फोनवरचीच मुलगी. तिनं मला पाहिलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मला उलटंपालटं केलं की मी समजून जाते.

"अहो, हे मेडिकेड आहे."

"हो, मेडिकल कार्ड. फोनवर सांगितलं होतं ना मी."

"मला वाटलं, तुम्ही मेडिकेअर कार्ड म्हणताय. आम्ही मेडिकेअर घेतो. हे नाही घेत हो. यादीत आमचं नाव चुकून राहिलंय. सॉरी." मुलगी वाईट नव्हती. तिचे कान लाल झाले होते.

"मला काय ते पोपटासारखं सगळं नाव म्हणायला हवं होतं?" व्हर्लीन हळूच म्हणाली.

एका शब्दाच्या घोळानं बाई दोन डोंगर ओलांडून आली होती. मला फटीतून परत सरकवलं. पर्समध्ये आल्यावर मेडिकेअरच्या पाठीला माझी पाठ लागली आणि मला पहिल्यांदा त्याचा राग आला.

घरी ड्रीमानं सगळी हकीकत आयसीला सांगितली, नकला करून. आयसी हसली नाही. "म्हणजे पाठ माझ्या लेकीची मोडलेली, आणि दार उघडायचं माझ्या कार्डानं?"

"तसंच, मावशी."

"मग मला ने. माझी पाठ काय पिसासारखी आहे? आठ वर्षं खाटेवर पडून तिची फळी झालीय."

खोटं नव्हतं ते. अकरा नोव्हेंबरला दोघी जणींनी तिला ट्रकमध्ये चढवलं. त्याच खिडकीत आज मेडिकेअर आत गेलं; हसून घेतलं, हसून परत दिलं. मी कप्प्यातच.

डॉक्टर व्हॅनहूज दांडगे, हात सुतारासारखे. म्हणाले, "आजींना टेबलावर घ्यायचं. कोण उचलणार?"

"रोज जी उचलते तीच," आयसी म्हणाली. "आणि तुम्ही नीट बघा."

व्हर्लीननं पर्स खुर्चीवर ठेवली, वाकली, आईच्या काखेत हात घातले. डॉक्टर ओरडले, "थांबा! असं उचलता? रोज?"

"दिवसातून सहादा."

"तुमच्या कमरेचं..." ते पुढं बोलले नाहीत. खिडकीकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुम्हाला मी तपासू शकत नाही, बाई. पण आजी माझ्या पेशंट आहेत, आणि माझ्या पेशंटला कसं उचलायचं, हे त्यांच्या घरच्यांना शिकवणं माझं काम आहे."

अर्धा तास शिकवलं त्यांनी. रुंद पट्टा आजीच्या कमरेला कसा बांधायचा, गुडघे कसे वाकवायचे, आधी झुलवायचं आणि मग उठवायचं. "नाचासारखं करा," ते म्हणाले. आयसी म्हणाली, "माझा नवरा असता तर जळाला असता." नंतर तिची पाठही त्यांनी दाबून दिली. व्हर्लीनच्या पाठीला हात लावला नाही.

पंधराला मिस प्रेटर आली. मी या वेळी पर्समध्ये नव्हते. का, ते सांगते. माझ्या पाठीवरच्या नंबरावरल्या मुलीला पुन्हा गळ घातल्यावर पाचवं एक नाव मिळालं होतं. तो डॉक्टर मला घेतो, खरंच घेतो. व्हर्लीननं तीनदा पूर्ण नाव घेऊन विचारलं. तारीख मिळाली वीस फेब्रुवारीची. आणि मी जगते जानेवारीअखेरपर्यंत. तोवर पुरावे मागणारा लिफाफा येईल. त्याला वेळेत उत्तर गेलं तर मी राहीन, नाही तर मी नुसता तुकडा. विसरू नये म्हणून व्हर्लीननं मला पर्समधून काढून फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलं. कप्प्यातून सुटले ती इथं अडकले.

मिस प्रेटर टेबलाशी बसली, लिहायला वही उघडून. व्हर्लीननं पट्टा बांधला. गुडघे वाकवले. झुलवलं. "चल, नाचू," आयसी तिच्या कानात म्हणाली आणि दोघी वळल्या, खुर्चीत अलगद उतरल्या. व्हर्लीन हसत होती. मिस प्रेटरला तिचं तोंड दिसत होतं.

"छान," ती म्हणाली. "आई इथंच राहू देत. मार्चमध्ये पुन्हा येईन."

अकरा महिने मी व्हर्लीनचे हात पाहिले, पर्स उघडताना तिचा चेहरा पाहिला. पण फ्रिजचं दार तिच्या मागं आहे. त्या दिवशी मी तिची पाठ पहिल्यांदा पाहिली. सदरा घामानं चिकटलेला, आणि कमरेपाशी एक जागा थरथरत होती, उकळत्या भांड्यावरचं झाकण थरथरतं तशी. मिस प्रेटरला ती दिसली नाही. ती मलाच दिसत होती, आणि मला उतरून जाता येत नव्हतं.

टपालवाल्यांनो, तो लिफाफा ओला करू नका. व्हर्लीन, तू तो आल्या दिवशीच उघड. आणि खिडकीमागच्या पोरींनो, कुठल्याही खोऱ्यातली बाई 'मेडिकल कार्ड घेता का' म्हणाली, तर एकदा परत विचारा. मला वाचता येत नाही, पण वीस फेब्रुवारी कुठली ते मला कळतं. माझ्या शेजारी टांगलेल्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर तिनं तिथं गोल केलाय. मी रोज तिकडं बघत असते.