ब्रेकवरचा पाय

राजूरच्या पुढच्या उतारावर सत्यवानचा उजवा पाय ब्रेकवरून सरकला. त्यानं तो उचलून पाहिला, पण मांडी भिजल्या पोत्यासारखी जड झाली होती. जीपमध्ये अकरा माणसं आणि पुढं वळण. त्यानं हँडब्रेक ओढला आणि जीप डोंगराच्या बाजूच्या चरात घातली.

कुणाला खरचटलंही नाही. पण सत्यवानला उभं राहता येईना, तेव्हा छबूबाई नावाची म्हातारी ओरडली, "सकाळच्या पारीच ढोसली व्हय रं मेल्या?"

तो दारूला शिवत नव्हता. वय अडतीस. तीन वर्षं बीपीच्या तीन-तीन गोळ्या घेऊनही आकडा एकशेऐंशीच्या खाली येत नव्हता. त्याचा बाप एक्केचाळिसाव्या वर्षी मेंदूतली नस फुटून गेला होता.

अकोले इथल्या डॉक्टरांनी त्याला नगरला पाठवलं. तिथं डॉक्टर राजेश्वरींनी रक्त तपासलं. पोटॅशियम फार खाली गेलेलं. ते भरून काढल्यावर पायांत ताकद आली. मग महिनाभर आणखी तपासण्या चालल्या.

"तुमच्या शरीरात एक हार्मोन जास्त तयार होतंय," त्या म्हणाल्या. "ते मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. म्हणून बीपी चढतं, पाय गळतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमध्ये एक एन्झाइम असतं, ते हे हार्मोन बनवतं. तिथं गाठ मात्र नाही."

"मग डोक्याचा काय संबंध, मॅडम? माझा बाप डोक्यानं गेला."

डॉक्टर म्हणाल्या, "वाढलेल्या बीपीनंच नस फुटते. पण उंदरांवरच्या प्रयोगांत हेच एन्झाइम मेंदूतही थोडं सापडलंय. तिथं त्याला अडवलं की उंदरांचं बीपी उतरलं. माणसांत तसंच घडतं का, ते अजून नक्की नाही."

'नक्की नाही' हे सत्यवानला ऐकूच आलं नाही. आपल्याच डोक्यात काहीतरी बसलंय आणि ते आपल्याला मारायचं काम गुपचूप करतंय, एवढंच त्यानं धरलं. घरी तो ओट्यावर डोकं दाबून बसायचा. कपाळाची शीर उडाली तरी बायकोला हाक मारायचा. "हन्ना, बघ, फुटंल गं आता."

"न्हाई फुटत. गोळी घ्या आन् लोणचं बाजूला सारा," हन्ना म्हणायची आणि त्याच्या ताटातलं लोणचं स्वतःच उचलून घ्यायची.

नवी गोळी त्या हार्मोनला रोखणारी होती. दीड महिन्यानं आकडा एकशेचौतीसवर आला. हन्ना दवाखान्यातच रडली. डॉक्टर म्हणाल्या, "सख्ख्या भावाबहिणींचंही बीपी बघून घ्या."

धाकटा जस्टिन दुधाचा टेम्पो चालवायचा. एकतीस वर्षांचा, पैलवानासारखा. "मला काय धाड भरलीय?" म्हणत तो आठवडाभर टाळत राहिला. शेवटी सत्यवाननं त्याला गावच्या आरोग्य केंद्रात धरूनच नेलं.

नर्सनं पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. मग दुसऱ्या दंडाला बांधून पाहिलं.

"एकशेशहात्तर," ती म्हणाली. "काही त्रास होतो का?"

जस्टिनचं हसू गेलं. "कवाकवा... पायात गोळे येत्यात," तो खालच्या आवाजात म्हणाला. मग भावाकडं वळला. "दादा, लई भ्या वाटतंय."

"मलाबी वाटतंय," सत्यवान म्हणाला आणि त्याच्याशेजारी बाकावर टेकला. "टेम्पोची चावी दे माझ्याकडं. उद्या सकाळच्या एसटीनं नगरला जाऊ."